अंदेमेवर माकडं

मेकोमो, ५ मार्च १९७९

वन्सं,

तुमच्या वहिनीचा, ओयानाचा, नमस्कार. पत्र बघून कोण गेलं म्हणून छाती बडवायला घेऊ नका. इथे सगळे जिवंत आहेत, ज्यांनी मरायला हवं तेसुद्धा. मिशनच्या शाळेत दोन वर्षं बसले, त्यातलं एवढंच हाताला उरलंय, तेव्हा अक्षराला हसू नका. वाचून झांगाच दाखवत असेल. झांगा, बाळा, मामीच्या ओळी गाळायच्या नाहीत. आणि आईच्या कानाशी ओरडायचं नाही, ती बहिरी नाही, सोंग करते.

गाडीवाल्याकडे धुरावलेले मासे दिलेत. त्याची बोटं लांब आहेत, पिशवी लगेच काढून घ्या.

काम एवढंसंच आहे. तुमच्या नावाचं ते झाड आठवतं का? झांगाला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. मी लग्न होऊन आले त्या साली तू जन्मायचा होतास, आणि तुझी आई माहेरीच बसून मी शिजवलेल्या कसाव्याला चिखल म्हणत होती. एक दिवस रागाने रानात चालती झाले. तिथे मला ते आजापचं झाड सापडलं. बुंध्याभोवतीचं रान मी साफ केलं, म्हणजे नाव द्यायचा मान माझा. पण सुनेनं आपलं नाव दिलं तर झाड तिच्या माहेरचं होतं, म्हणून सासरच्याच कुणाचं तरी द्यावं लागतं. मी तुझ्या आईचं दिलं. जाड, किंचित वाकडं, सगळ्यांच्या डोक्यावरून बघणारं, आणि फळाचा पत्ता नाही. गाव पोट धरून हसलं. वन्सं महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या संसारातला तो सुखाचा महिना.

तर वन्सं, ते झाड आता कामातून गेलंय. आतून पोकळ, वरून गांधीलमाश्या. चाळीस वर्षांत एक फळ नाही. असल्या भुताला तुमचं नाव शोभत नाही, मलाच वाईट वाटतं. आपल्या गावप्रमुखाला, बेलिंगाला, दोन ओळी पाठवा की माझं नाव काढा, माझा हक्क नको, वहिनी ठेवील ते नाव ठेवा. तुमचे गुडघे असे, त्यात इतक्या लांब कशाला येता?

तब्येतीला जपा.

तुमची प्रेमळ वहिनी
ओयाना


एबोलोवा, २१ मार्च १९७९

वहिनी,

मी सांगते आहे आणि झांगा लिहितो आहे. मासे मिळाले. गाडीवाल्याने खाल्ले नाहीत, कारण मीठ तूच घातलं होतंस.

'प्रेमळ' हा शब्द झांगाने दोनदा वाचला. मी त्याला म्हटलं, पाकीट बघ, दुसऱ्या कुणाचं आलं असेल.

दादा गेला तेव्हा तू मला 'आलात का, बसा' एवढंच म्हणालीस. आणि आता माझ्या गुडघ्यांची काळजी? चाळीस वर्षं सगळं गाव माझ्या नावाने हसतंय. मी माहेरी आले की पोरं ओरडतात, 'अंदेमेवर माकडं बसलीत!', 'अंदेमेच्या बुडाशी मुंग्या झाल्यात!' तेव्हा तुला वाईट वाटलं नाही. आता एकाएकी वाटायला लागलं. का गं?

मी नाव काढत नाही. मला माझं झाड आवडतं. पोकळ तर पोकळ.

मामी, हे मी माझं लिहितो. इथे लाकूडवाले आजापला मोआबी म्हणतात आणि फार विचारतात. झाडाचा बुंधा किती माणसांच्या कवेत येतो ते कळवा. नाहीतर राहू द्या, मीच येऊन बघतो. दुकान बंद ठेवून येईन, चार दिवस बिअर नाही प्यायली तर कुणी मरत नाही.

तुमचा भाचा
झांगा

तिला सांग की मी प्रेमळ बिमळ नाही. अंदेमे.


मेकोमो, १० मे १९७९

वन्सं,

तुमचे चिरंजीव येऊन गेले. सुखरूप पोचले असतीलच, कारण ते परत जाताना आम्ही कुणी त्यांना पाहिलं नाही. ते येताना पाहिलं होतं, मधे मात्र पाहिलं नाही. का ते सांगते. झांगा, इथून मोठ्याने वाच. खाकरू नकोस.

आल्या आल्या म्हणाला, मामी, झाड दाखवा. मी म्हटलं, दाखवीन, पण तिकडे हत्ती उतरलेत. म्हणाला, मग? मी म्हटलं, मग काय, जुने शिकारी करायचे तेच करायचं. आजापची साल कमरेला बांधायची, तिचा रस अंगाला चोळायचा, हत्तीलाच काय, माणसालासुद्धा दिसत नाही. आता हे आपल्याकडे सगळेच म्हणतात, मी काही खोटं सांगितलं नाही. फक्त कपडे उतरवावे लागतात, एवढं मी जोडलं.

मला वाटलं, लाजेल आणि घरात बसेल. शहरातला माणूस, हातात घड्याळ. पण झांगा तुमचा मुलगा. तरी तो उठायच्या आधी मी घरोघर सांगून आले होते, की माझा भाचा निघेल तेव्हा त्याला कुणी बघायचं नाही.

निघाला. चड्डी, कमरेला साल, हातात घड्याळ. चौकात पुरुष सोंगो खेळत बसले होते. हा त्यांच्या मधून गेला, एकाने मान वर केली नाही. याला धीर आला. मग बेलिंगाच्या ताटातला साळिंदराचा तुकडा उचलून खाल्ला. बेलिंगा शांतपणे म्हणाला, "बायको, आजकाल मटणालाही पाय फुटतात वाटतं." त्याच्या बायकोने भांडी धुतलेलं पाणी फेकलं ते नेमकं याच्यावर, आणि म्हणाली, "अगंबाई, पाणी हवेतच अडलं!" ओंदुआचा म्हातारा भाऊ दोन्ही हातांनी तोंड दाबून झोपडीमागे पळाला. हा मात्र कंबर खाजवत, शीळ घालत रानाकडे चालता झाला.

थोड्या वेळाने धावत आला तो थेट गाडीच्या थांब्यावर. चपलासुद्धा इथेच आहेत. हत्ती दिसला असणार. हत्तीला कुणी सांगितलं नव्हतं ना.

तेव्हा झाड काही बघायचं झालं नाही. आणि बघण्यासारखं काही नाहीच. दोन ओळी लिहून द्या आणि मोकळ्या व्हा.

ओयाना


एबोलोवा, ३० मे १९७९

मामी,

तुमचे पत्र आईला वाचून दाखवले. मधल्या भागावर पाणी सांडले होते, त्यामुळे काही ओळी वाचता आल्या नाहीत.

मी हत्तीला पाहून पळालो नाही. मला गाडी गाठायची होती. आणि मी झाडापर्यंत गेलो होतो. आपण कुणाला दिसत नाही म्हटल्यावर माणूस कुठेही जातो. झाड पोकळ नाही. मी दगडाने ठोकून पाहिले. पाच जणांच्या कवेत येणार नाही असा बुंधा आहे. आणि वर बघितले तर फळांनी लगडले आहे. हिरवी आहेत अजून, पण फांदी दिसत नाही इतकी.

हे मी आईला सांगितले. आता ती सांगते ते लिहितो.

वहिनी, खोटारडे. चाळीस वर्षं वांझ म्हणून माझं नाव त्याला लावलंस, आणि ते फळायला लागल्याबरोबर माझं नाव काढायला निघालीस! गांधीलमाश्या म्हणे. माझ्या नावाच्या झाडाचं फळ माझ्या टोपलीत पडतं, ही रीत तूसुद्धा बदलू शकत नाहीस. बेलिंगाची बायको बघत बसलेली असेल म्हणूनच तू गुपचूप वेचायचा बेत केला नाहीस, नाहीतर विचारलंही नसतंस. आता बस बघत.

मामी, पुढचे माझे. एक लाकूडवाला ठेकेदार माझ्या दुकानात येतो. त्याला झाड हवे आहे. आई हो म्हणाली आहे. नाव आईचे, म्हणजे झाड आईचे, बेलिंगाही नाही म्हणू शकत नाही. ठेकेदार जुलैत कागद घेऊन येईल, आईचा अंगठा घेईल, आणि पावसाआधी झाड पाडेल.

झांगा

चपला गाडीवाल्याकडे द्याव्यात.


मेकोमो, १२ जून १९७९

वन्सं,

हो, खोटं बोलले. तुम्ही असतात तर तुम्हीही बोलला असतात, फक्त त्यात चार चुका केल्या असत्या.

आता खरं ऐका. या गावात प्रत्येक घरात आजापचं तेल आहे, कारण प्रत्येक घराचं आजोबा-पणजोबाच्या नावाचं झाड आहे. तुमच्या दादांच्या वाट्याची झाडं रस्ता काढताना गेली. मी सून म्हणून आले तेव्हापासून वाटी घेऊन दुसऱ्यांच्या दारात उभी राहते. बेलिंगाची बायको तेल ओतताना अशी बघते, जसं काही स्वतःच्या अंगातून पिळून देतेय. मला एकच झाड सापडलं, आणि ते फळायला चाळीस वर्षं लागली. आजाप आहे तो, पपई नव्हे. बघणारी मरते आणि नात खाते. मी मेले नाही, हे माझं चुकलं का?

ठेकेदार एकदा पाडेल, एकदा नेईल, झांगाच्या दुकानात एकदा सगळ्यांना फुकट बिअर मिळेल. संपलं. आणि उभं राहिलं तर? फळ पडायला लागलं की आम्ही त्याच्या खालीच झोपड्या घालू, हत्तीच्या आधी उठून वेचू. गर पोरांना. बिया फोडायच्या, चुलीवरच्या फळीवर धुराला टाकायच्या, कच्च्या पोटात गेल्या तर माणूस जातो, म्हणून नीट सुकवायच्या, कुटायच्या, गरम करायच्या, पिळायच्या. तेव्हा ते तेल येतं. त्यात परतलेल्या केळ्याचा वास तुम्ही एबोलोवाच्या बाजारात बाटली हुंगत शोधता, मला ठाऊक आहे, गाडीवाल्याने सांगितलंय. साल दातदुखीला. साल उकळून पाठीला. बाळंतिणीच्या आंघोळीला. झांगा झाला तेव्हा तुम्हाला त्याच पाण्यात मी बसवलं होतं, आणि तुम्ही मला शिव्या देत होतात. जिभेवर मात्र त्या सालीचा काही इलाज नाही.

लाकूडवाले त्याला मोआबी म्हणतात ना? म्हणू देत. मोआबी पाडता येतो. अंदेमे पाडता येत नाही. का ते आता झांगाने नीट वाचावं, आणि इथे पाणी सांडू नये.

जिवंत माणसाचं नाव ज्या झाडाला आहे ते झाड पाडलं, की तो माणूस पडतो. रीत जुनी आहे. पूर्वज या रानात शिरले तेव्हा वाटेत आडवा आलेला आजाप त्यांनी पाडला नाही, बुंध्याला भोक पाडून पार गेले, ते काय उगाच? म्हातारा ओंदुआ आठवतो ना? रस्त्यासाठी त्याच्या नावाचा आजाप पाडला, इकडे झाड पडलं आणि तिकडे ओंदुआ हातातल्या घासासकट पडला. बेलिंगा साक्षीला आहे. हे पत्र लिहिताना तो शेजारी बसलाय आणि मान हलवतोय. ओंदुआचा भाऊसुद्धा हलवतोय.

कुऱ्हाड लागायच्या आधीच त्रास सुरू होतो म्हणतात. पहिल्यांदा पाय जड होतात. मग कानात ठकठक ऐकू येते. मग जेवणावर वासना राहत नाही, फक्त कोंबडीचा रस्सा तेवढा जातो.

झांगा, आईला जप. ती एकच आहे. सुदैवाने.

ओयाना


एबोलोवा, ८ जुलै १९७९

मामी,

घाईत लिहितो आहे. आईला बरे नाही. तुमचे पत्र तिला वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, पाय जड वाटतात. मी लक्ष दिले नाही. मग ठेकेदार कागद घेऊन दारात आला. आई अंगठा द्यायला उठली, कान धरले, म्हणाली, 'झांगा, हे ठकठक कोण करतंय?' आणि तिथेच खाली बसली. ठेकेदारसुद्धा घाबरला. तो उत्तरेकडचा आहे, पण म्हणाला की असल्या गोष्टी आमच्याकडेही असतात.

त्याला परत पाठवले. कागद त्याच्यासमोर फाडला. तरी आईला उतार नाही. काही खात नाही. कोंबडीचा रस्सा तेवढा घेते. दुकान बंद आहे.

मामी, कृपा करून साल पाठवा. आणि झाडाकडे कुणाला फिरकू देऊ नका. मी काही चुकीचे बोललो असेन तर मनात ठेवू नका.

तुमचा
झांगा


एबोलोवा, १९ जुलै १९७९

वहिनी,

हे झांगाने लिहिलेलं नाही. शेजारची मेंदोमो लिहिते आहे, शिवणकाम करते ती. गोष्ट पोटात राहते तिच्या. झांगा बाजारात कोंबडी आणायला गेलाय.

खोटारडे, ओंदुआ प्यायलेला ताडावरून पडला होता. मी त्याच्या मयताला होते. तू माझ्या शेजारी बसून शेंगदाणे खात होतीस. असली कसली रीत नाही, आपल्यात नाही, कुणाच्यात नाही. तूच जन्माला घातलीस. आणि बेलिंगाने मान हलवली म्हणे! तो माणूस सोंगोत हरला तरी मान हलवतो.

पण लिहिलं होतंस छान. पाय जड, कानात ठकठक, कोंबडीचा रस्सा. मला कळलं तू मला सोंग पढवते आहेस. झांगाला नुसतं नको म्हटलं असतं तर त्याने रोज पाय चेपून हो म्हणवून घेतलं असतं. पोरगं वाईट नाही, पण बापावर गेलंय, वस्तू उभी दिसली की त्याला ती विकलेली दिसते. आणि खरं सांगू, मीसुद्धा हो म्हटलं ते तुझ्या रागाने म्हटलं. म्हटल्यावर झोप लागेना. लोक हसले तरी हसत होते कुणाला? मला. पाडल्यावर कुणाला हसणार?

इतके दिवस पडून आहे, वहिनी, इतकं सुख मला नवऱ्यानेही दिलं नाही. तुझं मे महिन्याचं पत्र झांगाने गादीखाली लपवलं होतं, मेंदोमोने मला वाचून दाखवलं. एक थेंब पाणी नाही त्याच्यावर. चड्डी आणि घड्याळ! मी उशी तोंडात धरून हसले. झांगा आत आला, त्याला वाटलं कळा येताहेत, बिचारा रडला. तेव्हा मात्र जरा वाईट वाटलं. मग रस्सा प्यायले.

आता ऐक. नाव माझंच राहील. झाडावर माझं नाव आहे तोवर ते कुणी विकू शकत नाही, झांगा तर त्याच्याकडे वाकड्या नजरेने बघणारही नाही. तू ठेवशील दुसरं नाव, ते कुणा मेलेल्याचं असेल, आणि मेलेले कानात ठकठक ऐकू शकत नाहीत. फळाचं म्हणशील तर वेचणं दोघींचं, पिळणं तुझं, माझे हात दुखतात. तेल अर्धं अर्धं. वाटी मी धरणार, ओतणार तू, आणि बेलिंगाच्या बायकोसारखं बघायचं नाही.

फळ पडायला लागलं की निरोप दे. मला एकदम बरं वाटायला लागेल.

अंदेमे

मी मेंदोमो. मी कुणाला सांगणार नाही. मला एक बाटली तेल.


मेकोमो, २ ऑक्टोबर १९७९

वन्सं,

बाटल्या न फुटता पोचल्या का ते कळवलं नाहीत. गाडीवाला म्हणतो, पोचल्या. म्हणजे एक त्याने ठेवली. मेंदोमोची तुमच्या वाट्यातून द्या.

तुम्ही फळं वेचून परत गेल्यावर झाडाखालची झोपडी मोडायची राहिली होती, ती मोडली. तुमच्या बाजूची चटई कुबट झालीय. तुमच्या घोरण्याने हत्ती फिरकले नाहीत, हे बेलिंगा आता चौकात सांगत सुटलाय, मी सांगितलं नाही, मी फक्त हो म्हटलं. त्याच्या बायकोने परवा वाटी घेऊन पोरीला माझ्या दारात पाठवलं. मी भरून दिली. बघितलंही नाही तिच्याकडे. म्हणजे बघितलं, पण थोडंसंच.

आता कामाचं. त्या तुमच्या रीतीचं फार झालंय. गावात सगळ्यांना ती खरीच वाटते. ओंदुआचा भाऊ, ज्याने स्वतः ओंदुआला ताडाखालून उचलला, तोही आता पोरांना सांगतो की घास हातात होता. मी एकदा म्हटलं, अरे, ते मी रचलेलं आहे. मला म्हणाला, तुम्ही बायका बाहेरगावच्या, तुम्हाला आमच्या जुन्या रीती काय ठाऊक.

वेडे आहेत सगळे. मी काही असलं मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी पाद्र्याचंही मानलं नाही.

काल दुपारी वादळ झालं. छपरं गेली दोन-तीन. माझं शाबूत आहे. आजापची एक फांदी मोडली. मोठी, उजव्या अंगाची, ओढ्याच्या बाजूची. बाकी झाड उभं आहे. वादळ थांबल्याबरोबर मी जाऊन बघून आले, सरपण मिळतं का म्हणून. पाऊस अजून पुरता थांबला नव्हता.

गावात जो तो येऊन विचारतोय, अंदेमेचा उजवा हात कसा आहे. त्यांच्यासाठी म्हणून पत्र लिहिते. गाडी उद्या सकाळी आहे, पण ओंदुआचा भाचा आजच सायकलने निघतोय, त्याच्याकडेच देते. तो तुमच्या दारात थांबेल आणि उत्तर घेऊनच परत येईल. त्याला जेवायला घाला.

उत्तर झांगाकडून नको. मेंदोमोकडूनही नको. एक ओळ तुमच्या स्वतःच्या हाताने लिहा, वेडीवाकडी चालेल, रेघोट्या चालतील. उजव्या हाताने.

ओयाना